बेटाची रंगीत तालीम

सेफ्टीच्या कारखान्यात आजवर एकदाही आग लागलेली नाही, आणि याचं त्याला मनातून थोडं वाईट वाटतं. कारखाना साबणाचा. साबण धड पेटतही नाही, फार तर वितळतो, आणि वर पाणी मारलं तर फेस होतो. पण सुरक्षा अधिकारी म्हणून सेफ्टीने उमेदीची सगळी वर्षं न लागलेल्या आगी विझवण्यात घालवली. भोंगा वाजवायचा, माणसं बाहेर काढायची, मैदानात उभी करून मोजायची आणि परत आत पाठवायची. त्याचा सिद्धांत सरळ होता: जी गोष्ट आधी करून पाहिलेली नाही, ती करू नये. कारखान्यात सगळे त्याला सेफ्टी म्हणत, तेच नाव पुढे इमारतीतही पडलं. बायको चारचौघांत 'हे' म्हणे आणि रागावली की 'सेफ्टी' म्हणे. म्हणजे हल्ली तीही बहुतेक वेळा सेफ्टीच म्हणे.

हा सिद्धांत घरात शिरला, तेव्हापासून घरातल्या एकाही सहलीने उंबरठा ओलांडलेला नव्हता. डोंगरावर जायचं ठरलं तेव्हा सेफ्टीने पाठीवर गव्हाची पोती घेऊन जिना चढायचा सराव केला आणि गुडघा दुखावून घेतला. तंबूत राहायचं ठरलं तेव्हा दिवाणखान्यात तंबू ठोकला. तंबूचा दांडा पंख्यात गेला आणि पंखा तंबूत आला. बोटीने जायचं म्हटल्यावर तो हवेचं जॅकेट घालून न्हाणीघरात गेला. जॅकेट आत फुगलं, ते कसं सोडायचं हे लिहिलेला कागद बाहेर राहिला, आणि शेवटी सुताराला बोलावून दाराची चौकट काढावी लागली. सुतार जाताना म्हणाला होता, "साहेब, बोटीला चौकट नसते ना? मग झालं तर." त्यावर सेफ्टी बराच वेळ विचार करत बसला होता.

म्हणून यंदा बायकोने जेवता जेवता, भाताचा घास हातात तसाच ठेवून सांगितलं, "मी बेटावर जाणार आहे."

बेट भूमध्य समुद्रातलं. चांगलं मोठं, एका टोकाला नाश्ता केला तर दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत परत भूक लागेल एवढं. बायको दातांच्या डॉक्टरांकडे स्वागतकक्षात बसायची आणि तिच्या समोरच्या भिंतीवर या बेटाचं मोठं चित्र होतं. दाढ ठणकणाऱ्या माणसांना बरं वाटावं म्हणून डॉक्टरांनी ते लावलेलं. दाढ ठणकणारा माणूस जमिनीकडे बघतो, त्यामुळे इतकी वर्षं ते चित्र एकटी बायकोच बघत होती. आत दात कोरायच्या यंत्राचा आवाज आणि समोर निळं पाणी. असं पाणी रोज नुसतं बघून माणसाचं काय होतं, याचा डॉक्टरांनी विचार केलेला नव्हता.

"छान," सेफ्टी म्हणाला. "मग आधी आपण..."

"आधी काही नाही," बायको म्हणाली. "ट्रॅव्हलवाल्याकडे जाऊन आले. व्हिसा केंद्रात दोघांची वेळ घेतलीय, सोमवारची. एक मी. दुसऱ्याचं नाव सोमवारी सकाळी सांगते म्हटलंय."

"दुसरा मी ना?"

"तालीम केली नाहीत तर तुम्ही. केलीत तर छोटी."

छोटी म्हणजे तिची धाकटी बहीण. तिची बॅग कायम भरलेली असते. नवऱ्याशी भांडण झालं की शोधाशोध नको. बेटाचं नुसतं कानावर गेलं तेव्हाच तिने त्या बॅगेत पोहण्याचे कपडे घातले होते आणि तसं ताईला कळवलंही होतं.

सेफ्टीने शब्द दिला आणि दोन-तीन दिवस पाळला. पण दारू सोडलेल्या माणसाचे हात कापतात तसं त्याचं झालं. जेवताना तो कानात बोटं घालून घोट गिळू लागला. विमानात कान बंद होतात म्हणून. सोफ्यावर बसला की कमरेशी काहीतरी चाचपे. सोफ्याला पट्टा नसतो हे लक्षात आलं की चेहरा उतरे.

"अगं, बघ गं याच्याकडे," त्याची आई सुनेला म्हणाली. "भोंगा चोरीला गेल्यासारखा बसलाय."

बायकोचं मन मऊ होतं. तिथेच तिची चूक झाली. "बरं. मुलाखतीत काय विचारतील, त्याचा तेवढा सराव करा. बसल्या जागी, तोंडी. कोणाचं हाड मोडणार नाही असा."

पडत्या फळाची आज्ञा. सेफ्टी चपला घालून जिन्यात पोचलासुद्धा.

वरच्या मजल्यावर कस्टमसाहेब राहत. आयुष्यभर विमानतळावर लोकांच्या बॅगा उघडून निवृत्त झालेले. निवृत्तीचं दुःख त्यांनी धीराने सोसलं होतं, फक्त जिन्यात कोणी पिशवी घेऊन दिसलं की त्यांचा हात आपोआप आत जायचा. लोक वांगी दाखवत आणि पुढे जात. व्हिसा अधिकाऱ्याचं काम कराल का, असं सेफ्टीने विचारलं तेव्हा साहेब उठले. आत गेले, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि बाहेर येऊन म्हणाले, "अर्जदाराने बाहेर थांबावं. बोलावू."

जिन्याच्या वळणावर टेबल मांडलं गेलं. टेबलामागे साहेब, टेबलावर एक जुना गोल शिक्का. बातमी इमारतभर पसरायला वेळ लागला नाही. तळमजल्यावरचा केमिस्ट, जो इमारतीचा सेक्रेटरीही होता, दुकान तसंच टाकून वर आला आणि त्याने उभ्या उभ्या सल्ला दिला.

"बेट म्हणजे चारी बाजूंनी पाणी. पाणी बदललं की पोट बिघडतं. इथे तर चारी बाजूंनी बदलणार. गोळ्या चौपट न्या."

"शांतता," कस्टमसाहेब म्हणाले. "पुढचा."

पुढचा सेफ्टीच होता. मागचा कोणी नव्हता.

"बेटावर कशासाठी जायचंय?"

सेफ्टीने घसा साफ केला. "हॉटेलला बाहेर पडायचे तीन मार्ग आहेत. जवळचं रुग्णालय उताराच्या बाजूला आहे, म्हणजे बंद पडलेली गाडीसुद्धा पोचेल. बेटावर ज्वालामुखी आहे, पण वारा सहसा उलट्या दिशेने..."

"जायचं कशाला, असं विचारलंय मी. निसटायचं कसं, असं नाही."

"तेच सांगतोय. सुखरूप परत येण्यासाठी..."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग शिक्का उचलला आणि सेफ्टीच्या कागदावर असा मारला की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं.

"नामंजूर. अर्जदाराला बेटावर जायचं नाहीये. त्याला बेटावरून परत यायचंय. ते त्याला घरी बसूनही जमेल."

आधी सगळे हसले. सेफ्टीही हसला, कारण हसायलाच हवं होतं. मग तो म्हणाला, "बरं, आता खरं खरं विचारा." साहेब म्हणाले, "हे खरंच होतं." तेव्हा तो हसायचा थांबला. आपल्याच इमारतीत, स्वतःच्या दारापासून थोडक्या पायऱ्यांवर, एखाद्याला परदेश नाकारला जाणं ही गोष्ट कुठल्याच सुरक्षा नियमावलीत नव्हती.

तेवढ्यात त्याची आई कठड्याला धरून वर आली. एवढी गर्दी कसली ते बघायला.

"आजी, तुम्हाला बेटावर कशाला जायचंय?" साहेबांनी विचारलं.

"मला कुठे जायचंय? हा बायकोला नेत नाही म्हणून राग आलाय, तो सांगायला आले."

"मंजूर," साहेब म्हणाले. "वाटेल तेव्हा या, वाटेल तेव्हा जा."

बायकोला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पाणी बघायचंय." साहेबांनी विचारलं, "आणि?" ती म्हणाली, "आणि काही नाही." तिचाही मंजूर. केमिस्टने गोळ्या विकायला जायचंय असं सांगितलं, त्याला व्यापारी व्हिसा मिळाला. दुसऱ्या मजल्यावर गाण्याच्या शिकवण्या घेणाऱ्या बाई, ज्या फक्त 'जरा हळू बोला' एवढं सांगायला आल्या होत्या, त्यांनाही आग्रह करून एक देण्यात आला. बघता बघता इमारतीत व्हिसा नसलेला एकटा सेफ्टी उरला.

त्याने अपील केलं. अपील ऐकायला वरिष्ठ अधिकारी लागतो, म्हणून कस्टमसाहेब आत जाऊन कोट घालून आले. सेफ्टीने या वेळी उत्तर पाठ केलं होतं: निसर्गसौंदर्य, प्राचीन अवशेष, दोन संस्कृतींमधला स्नेह.

"पाठ केलंय," साहेब म्हणाले.

"सराव केलाय."

"तेच ते. नामंजूर."

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. फोन खांद्याला दाबलेला, पलीकडे छोटी. "अगं, नाही ठरलं अजून," बायको म्हणत होती. "हो, ठेव भरलेली बॅग. ठेव." सेफ्टी आत आला तशी तिने फोन ठेवला. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती नुसती म्हणाली, "त्यांनी काय वेगळं सांगितलं? मी इतकी वर्षं तेच म्हणतेय, फक्त माझ्याकडे शिक्का नव्हता."

हे वाक्य सेफ्टीला शिक्क्यापेक्षा जोरात लागलं.

आता एवढ्या माणसांकडे व्हिसा आहे म्हटल्यावर त्यांना कुठेतरी जाऊ द्यायला हवं, असा विचार इमारतीत सुरू झाला. गच्ची रिकामीच होती. केमिस्टने सेक्रेटरीच्या नात्याने फलकावर सूचना लावली: 'रविवारी दुपारनंतर गच्ची परदेश असल्यामुळे कोणीही कपडे वाळत घालू नयेत.' बेट मोठं आहे, असं बायकोने बजावल्यामुळे गच्चीचे भाग पाडले गेले. पाण्याची टाकी म्हणजे डोंगर. मोडक्या अँटेना म्हणजे प्राचीन अवशेष. उरलेल्या मोकळ्या जागेत सतरंज्या आणि सगळ्यांच्या घरून आलेले मुलांचे जुने टब, त्यांत पाणी. पाय सोडून बसायला.

रविवारी दुपार कलायला लागली तशी इमारत बेटावर गेली. बायको फिकट निळा झगा घालून गेली, जो तिने दुकानात घेतल्यापासून कपाटाबाहेर काढलेला नव्हता. सेफ्टी तिच्या मागोमाग जिना चढला. गच्चीच्या दाराशी कस्टमसाहेब स्टुलावर बसले होते.

"व्हिसा?"

"साहेब, आता पुरे. मी याच इमारतीत राहतो."

"तीच अडचण आहे. ज्याचं इथे घर आहे, त्याला पर्यटक म्हणून आत कसं सोडू?"

बायकोने दारातून मागे वळून पाहिलं. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर, आता हा काहीतरी बोलेल, असं होतं. सेफ्टीने मनात नियम चाळले. रांग मोडू नये. अधिकाऱ्याशी हुज्जत घालू नये. "तू हो पुढे," तो म्हणाला. ती पुढे झाली.

तो खाली, आपल्या मजल्याच्या जिन्यात, पायरीवर बसला. वरून टबांतलं पाणी उडाल्याचा आवाज आला. केमिस्टचं हसणं, गाणाऱ्या बाईंचं न हसणं, पेल्यांची किणकिण. मग सगळ्यांत स्पष्ट बायकोचं हसणं. हे हसणं त्याला ओळखीचं वाटलं, पण कुठे ऐकलंय ते आठवायला वेळ लागला. लग्नाआधी ऐकलं होतं. कठड्यावरून आईचं डोकं डोकावलं.

"अरे, इथे हवा फार छान आहे. तुमच्याकडे कशी आहे?"

"बरी आहे," सेफ्टी म्हणाला.

"पत्र पाठव हो," आई म्हणाली आणि डोकं आत गेलं.

गाणाऱ्या बाई मधेच सरबताचं भांडं न्यायला खाली आल्या. जाता जाता म्हणाल्या, "तुमच्या मिसेस उद्या धाकट्या बहिणीला नेणार म्हणे. छानच आहे. बहिणी-बहिणी." आणि दार लावून घेतलं.

सेफ्टी उठला. जिन्याने वाट नव्हती. इमारतीच्या मागच्या भिंतीला मात्र संकटात उतरायची लोखंडी शिडी होती. ती त्यानेच भांडून बसवून घेतलेली, आणि शनिवारीच त्याच्या आग्रहावरून तिला लाल तैलरंग दिला होता. शिडीशी पाटी होती: 'रंग ओला आहे. हात लावू नये.' पाटीही त्यानेच लावलेली. त्याने ती पूर्ण वाचली आणि शिडीला हात लावला.

या शिडीवरून खाली कसं उतरायचं, हे त्याने इमारतीतल्या प्रत्येकाला शिकवलं होतं. तिच्यावरून वर चढता येतं, हे त्याच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं. तळवे चिकट झाले. पँट गुडघ्याला लाल झाली. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत गाणाऱ्या बाई सरबत ढवळत होत्या. सेफ्टीला शिडीवर बघून त्यांनी भांडं ठेवलं, पर्स घेतली, दार ओढलं आणि शिकवल्याप्रमाणे शांतपणे खालच्या मैदानात जाऊन उभ्या राहिल्या. इतक्या सरावांमध्ये एवढा निर्दोष सराव कोणी केला नव्हता. तो बघायला कोणी नव्हतं, आणि त्यांना परत बोलवायचं पुढे सगळेच विसरले.

गच्चीच्या कठड्यावर आधी दोन लाल पंजे दिसले. केमिस्टच्या हातातला पेला टबात पडला. मग सेफ्टीचं डोकं वर आलं, मग उरलेला सेफ्टी, आणि तो प्राचीन अवशेषांमध्ये उतरला.

कस्टमसाहेब दाराशी होते, तिथून लगबगीने आले. कोटाची बटणं लावत.

"कुठून आलात?"

"खालून."

"कागद?"

"नाहीत."

"बेकायदा प्रवेश," साहेब गंभीरपणे म्हणाले. "कशासाठी आलात?"

सेफ्टीला धाप लागली होती. उत्तर तयार नव्हतं. त्याने ते शोधलंही नाही.

"ही इथे आहे म्हणून," तो म्हणाला.

आईने सुनेकडे पाहिलं. सून टबातल्या आपल्या पायांकडे बघत होती. साहेबांनी खिशातला शिक्का काढला, हातात फिरवला, मारायला अर्जदाराकडे कागदच नाही हे पाहिलं आणि परत ठेवला. "प्रकरण प्रलंबित ठेवतो," ते म्हणाले. "तोवर पाय धुवा."

सेफ्टी बायकोशेजारी बसला आणि पाय टबात सोडले. तिने सरबताचा पेला पुढे केला. त्याने रंगाने माखलेले हात दाखवले. मग तिनेच पेला त्याच्या तोंडाला लावला. थोडं सरबत हनुवटीवरून शर्टावर आलं.

"पुढच्या वेळी जरा आधी..." ती म्हणाली आणि थांबली.

"सराव करू?"

"नको," ती म्हणाली.

दुसऱ्या नावाचं मात्र ती काही बोलली नाही. रात्री सेफ्टीने आपल्याच कारखान्याच्या साबणाने हात घासले. फेस भरपूर आला.

सोमवारी सकाळी बायको तयार होऊन दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "चला, उशीर होतोय." सेफ्टीने चपला घातल्या. 'चला' म्हणजे केंद्रापर्यंत की बेटापर्यंत, हे विचारायचं धाडस त्याला झालं नाही.

व्हिसा केंद्रात बोटांचे ठसे घेत. बायकोचे ठसे झाले. मग काचेमागची मुलगी म्हणाली, "आता हे." सेफ्टीने बोटं यंत्रावर ठेवली. यंत्र किंचाळलं. त्याने परत ठेवली, ते परत किंचाळलं. मुलीने यंत्राची काच पुसली, तेव्हा पुसायचा कपडा लाल झाला.

"काका, हाताला काय झालंय?"

सेफ्टीचा आता सरावावर विश्वास राहिलेला नव्हता. त्याने खरं तेच सांगितलं. "बेटावर बेकायदा शिरताना लागलं."

मुलीचा हात हळूच टेबलाखालच्या घंटीकडे गेला. मग दोघांना आतल्या खोलीत नेण्यात आलं. तिथे एक वयस्कर बाई बसल्या होत्या, अधिकारी, चष्मा कपाळावर.

"कोणत्या बेटावर?" त्यांनी विचारलं.

सेफ्टीने बायकोकडे पाहिलं. बायकोने मग पहिल्यापासून सगळं सांगितलं: तंबू, पंखा, टब, शिडी. सासूबाईंना मिळालेला व्हिसाही सांगितला. बाहेरची रांग खोळंबली. अधिकारी बाईंनी एकदाही मान हलवली नाही. शेवटी चष्मा खाली घेऊन त्यांनी विचारलं, "आणि त्या साहेबांनी दिला का शेवटी?"

"नाही," सेफ्टी म्हणाला. "प्रकरण प्रलंबित आहे."

"कडक दिसतात," बाई म्हणाल्या, जरा आदरानेच. "तुम्ही येत्या शुक्रवारी परत या. रॉकेलने पुसा, मग खोबरेल लावा. अर्ज दोघांचा ठेवू ना?"

प्रश्न बायकोला होता. सेफ्टी आपल्या लाल बोटांकडे बघत उभा राहिला. खोलीला किती दारं आहेत, हे आल्यापासून त्याने पाहिलेलंच नव्हतं.

"दोघांचा," बायको म्हणाली.

बाहेर पायऱ्या उतरताना तिचा फोन वाजला. छोटी. बायकोने एका हाताने फोन कानाला लावला आणि दुसऱ्या हाताने सेफ्टीचं मनगट धरलं. तेवढीच जागा रंगाशिवाय होती.

"नाही गं, रिकामी कर बॅग," ती म्हणाली. "हो, हेच येतायत... केली की तालीम. सगळ्या इमारतीसमोर केली... छे, साफ नापास झाले. म्हणून तर नेतेय."